नाकावरची नागीण

मेरिदा,
१४ फेब्रुवारी १९९३

चि. एर्सिलिया हीस,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग.

तुझं पत्र काल बाउदिलियोने जीपमधून उतरून हातात दिलं. तुझे यजमान टपाल टोपीच्या आत ठेवून आणतात, त्यामुळे पत्राला त्यांच्या डोक्याचा आकार आणि वास दोन्ही आलेले होते. वाचून समजलं, की तुझ्या कमरेला नागीण झाली होती. तुमच्या गावच्या वैदूबाईने, दोन्या कुस्तोदियाने, बेंबीजवळ शाईची रेघ ओढली, काही पुटपुटली आणि नागीण त्या रेघेपाशी अडली. नाहीतर म्हणे तोंड शेपटीला मिळालं असतं आणि तू आज नसतीस. हे वाचून माझे हातपाय गार पडले नाहीत, एवढं कळवते.

मी या शहरात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. साऱ्या जिल्ह्याची पोरं शिकून गेली, सख्खी बहीण तेवढी राहिली. तेव्हा सरळ बस आणि वाच.

लहानपणी आपल्या दोघींना कांजिण्या झाल्या होत्या. आईने एकाच खाटेवर टाकलं होतं आणि तू माझ्या खपल्या काढायला टपलेली असायचीस. त्या वेळी विषाणू ज्या पेशीत शिरला, तिने मरता मरता शेजारणींना ओरडून सांगितलं, की दारं लावून घ्या. ताप आला तो आपल्याच शरीराने पेटवला होता. मग पांढऱ्या पेशी धावून आल्या. काहींनी विषाणूला रक्तातच धरून ठेवणारी द्रव्यं सोडली, काहींनी विषाणू शिरलेल्या पेशीच मारून टाकल्या. पहिल्या खेपेला त्यांना उशीर झाला, कारण चोर ओळखीचा नव्हता. जानेवारीत तुमच्याकडे बाळ येशूची मूर्ती चोरून लपवतात तेव्हा काय होतं? सारा गाव मेणबत्त्या आणि व्हायोलिनं घेऊन दारोदार शोधत हिंडतो. पण पुढच्या वर्षी चोराने तीच मूर्ती त्याच घरात लपवली, तर मिरवणूक थेट त्याच्या दारात जाऊन उभी राहील. शरीराची आठवण अशी असते. म्हणून कांजिण्या सहसा पुन्हा होत नाहीत.

मात्र काही विषाणू तेव्हाच निसटले आणि नसांवरून चढून पाठीच्या कण्याशेजारी, नसांच्या मुळाशी दडून बसले. तिथली पेशी मारली तर तिच्या जागी नवी येत नाही. म्हणून शरीर तिथे मारहाण करत नाही, नुसता पहारा ठेवतं. वय झालं, पहारेकरी कमी झाले, की आतला कैदी एखाद्या नसेवरून खाली उतरतो आणि कातडीवर फोड उठवतो. हीच तुमची नागीण. ती नस मणक्यापाशी सुरू होते आणि पोटाच्या मध्यावर संपते. उजवीकडची उजवीकडे, डावीकडची डावीकडे. नागीण तिथे अडली, कारण पुढे रस्ताच नव्हता. कुस्तोदियाने गाव संपतं तिथे पाटी लावली, आणि तुम्ही म्हणता, पाटीमुळे गाव संपलं.

शाईऐवजी बटाट्याचं सूप चोपडलं असतंस तरी हेच झालं असतं. पहारेकरी पुन्हा गोळा झाले आणि त्यांनी कैद्याला कोंडलं. नागीण आपोआप बरी होते. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लाव.

कंबर ठणकत असेल तर ऊब दे. लोभ ठेव, शाई पुसून टाक.

तुझी ताई,
ओलिंपिया


पिएद्रा ग्रांदे,
२१ फेब्रुवारी १९९३

ति. ओलिंपियाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुपारच्या जेवणाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. बाउदिलियोला इतकं हसू आलं, की सूप नाकात गेलं. त्याने तुझं वाक्य कोळशाने पुठ्ठ्यावर लिहून चुलीच्या वर कणकेच्या खळीने चिकटवलं आहे. खाली तुझं नावही घातलं आहे. आता भाकरी करपली तरी तो त्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, की आपोआप बरी होईल.

कुस्तोदियालाही तुझं म्हणणं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, की शिकलेल्या बाईच्या पहारेकऱ्यांना नावं नाहीत, माझ्या संतांना आहेत. दुखताना माणसाने हाक कुणाला मारायची? तुला उत्तर सुचलं तर कळव. ताई, मी आठवडाभर कुशीवर वळू शकत नव्हते. कुस्तोदिया रोज येऊन उशाशी बसली. तुझी एकही पांढरी पेशी भेटायला आली नाही.

बाकी सर्व ठीक. जीपला नवे ब्रेक बसवले. तरी बाउदिलियो म्हणतो, की घाटातली जीप ब्रेकवर चालत नाही, डोळ्यांवर चालते. परवा भर वळणावर दरीपलीकडची शेळी कुणाची ते त्याने बिनचूक ओळखलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर जपमाळ ओढत होते.

यापुढे घरातलं आजारपण तुला कळवणार नाही असं ठरवलं आहे. फक्त बटाटे कळवीन. त्यांच्यावर तुला एवढं हसता येणार नाही.

तुझा आशीर्वाद असू दे, चेष्टा आहेच.

तुझी,
एर्सिलिया


पिएद्रा ग्रांदे,
८ जून १९९३, सकाळ

ति. ओलिंपियाताईस,
सा. न. वि. वि.

बटाटे चांगले आहेत. थोडी कीड होती ती गेली. यंदाचं धुरी दिलेलं चीज पाठवते आहे.

आज जीप बाउदिलियोऐवजी एलेउतेरियो घेऊन येत आहे. हा त्याचा चुलतभाऊ; ब्रेक लावायच्या आधी छातीवर क्रूस काढतो, त्यामुळे दर वळणावर त्याचा एकच हात चाकावर असतो. तो तिथे बडबडणारच, म्हणून मीच लिहिते. बाउदिलियोच्या डाव्या कपाळावर परवापासून फोड आले आहेत. आधी नुसतं कपाळ जळत होतं. कोळी मुतला असेल, असं आम्हाला वाटलं. कुस्तोदियाने पाहिलं आणि सांगितलं, की फोड नागिणीसारखे दिसतात खरे, पण नागिणीला घेर लागतो. कमरेला घेर आहे, छातीला आहे; कपाळावर ती कुणाला विळखा घालणार? तोंड आणि शेपटी मिळायला जागाच नाही, तेव्हा भीती नाही. तिने शाईची बाटलीसुद्धा उघडली नाही. म्हणजे फारसं काही नसणार.

तू काळजी करू नकोस. तुला कळवायचंही नव्हतं.

लोभ असू दे. चीज ओल्या फडक्यात ठेव.

तुझी,
एर्सिलिया

ता. क. आज उठल्यावर नाकाच्या शेंड्यावरही एक टपोरा फोड दिसला. जत्रेतल्या विदूषकासारखा दिसतो. डावा डोळा कांदा चिरल्यासारखा लाल आहे.


मेरिदा,
८ जून १९९३, दुपार

एर्सिलिया,
आशीर्वाद मागाहून.

तुझ्या पत्रातली एकच ओळ महत्त्वाची होती आणि ती तू चीजच्याही खाली घातलीस.

कपाळ, नाकाचा शेंडा आणि डोळा, तिन्हींना एकच नस जाते. नाकाच्या टोकावर फोड आला याचा अर्थ, विषाणूने डोळ्याकडे जाणारी वाट धरली असण्याचा संभव फार मोठा आहे. ही नागीणच आहे, आणि तुझ्या कमरेवरच्या नागिणीची ही दुष्ट बहीण आहे. कमरेवर लढाई झाली तर कातडी खरचटते आणि नवी येते. डोळ्याच्या काचेवर लढाई झाली तर दोन्ही बाजू काच फोडतात. विषाणू ती कुरतडतो, आणि त्याच्या मागे धावलेले आपलेच पहारेकरी तिच्यावर पाय देत जातात. शेवटी पहारेकरी जिंकतील, विषाणू पुन्हा कोंडला जाईल, बाउदिलियो खडखडीत बरा होईल आणि डाव्या डोळ्याने त्याला काही दिसणार नाही. मग घाटात जीप कशावर चालवणार?

विषाणूला आपल्या नकला काढू न देणारं औषध इथे मिळतं. पण ते फोड नवे आहेत तोवरच नीट लागू पडतं. उद्या सकाळच्या जीपने त्याला खाली आण. डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे, ते थांबतील. तुमच्या गावातल्या दुकानातला फोन पावसापासून मुका आहे, म्हणून हे पत्र एलेउतेरियोच्या हातात देऊन त्याला इथूनच दामटते आहे. त्याला म्हटलं, की आज क्रूस कमी काढ आणि जीप नीट चालव.

मी स्वतः वर आले असते. पण मला पाहून बाउदिलियो बटाट्याच्या शेतात पळेल. दाढ काढायच्या वेळी पळालाच होता.

ताई


पिएद्रा ग्रांदे,
९ जून १९९३, सकाळ

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तो येत नाही.

पत्र मिळाल्याबरोबर त्याला वाचून दाखवलं. तो उठला, माझा हात धरून चुलीपाशी घेऊन गेला आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. नागीण आपोआप बरी होते. खाली तुझं नाव. म्हणाला, की कुस्तोदिया म्हणते भीती नाही आणि ओलिंपिया म्हणते आपोआप बरी होते. या दोघींचं आजवर कशावरही एकमत झालं नव्हतं, ते माझ्या कपाळावर झालं. आता मी कशाला उठू? मी म्हटलं, की ताईने ते कमरेबद्दल लिहिलं होतं. तर म्हणाला, की पुठ्ठ्यावर कंबर कुठे लिहिली आहे ते दाखव.

खरं कारण वेगळं आहे. त्याला भीती वाटते. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेल्याचं गावात कळलं, तर जीपमध्ये कोण बसेल, असं तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. आता उजेड सोसत नाही म्हणून बटाट्याच्या कोठीत अंधारात बसला आहे. डोळा चिकटतो. मी कोमट पाण्याने पुसते, तेव्हा मोठा माणूस कण्हतो. ताई, मला रडू येतं, आणि तुझ्या त्या पुठ्ठ्याचा इतका संताप येतो, की चुलीत घालावा. पण तो घालू देत नाही.

तू आता कितीही चांगलं लिहिलंस तरी तो ऐकणार नाही. तो एकाच माणसाचं ऐकेल. ते कोण, हे मी लिहीत नाही. तुला आवडणार नाही.

तुझी,
एर्सिलिया


मेरिदा,
९ जून १९९३, दुपार

माननीय दोन्या कुस्तोदिया यांस,
सविनय नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहीन असं तुम्हाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. तुमच्या शाईविषयी माझं मत तुमच्या कानावर आलेलंच आहे. ते तसंच आहे. पण आज त्यावर वाद घालण्याइतका वेळ बाउदिलियोच्या डोळ्याकडे नाही, म्हणून मी तुमच्या भाषेत लिहिते.

कपाळावरच्या नागिणीला घेर नाही, असं तुम्ही म्हणालात. घेर आहे. डोळा गोल असतो. या नागिणीचं तोंड नाकाच्या शेंड्यावर आलं आहे. तुम्हीच जाऊन बघा. तिची शेपटी कपाळावरून पापणीत उतरली आहे. ही कमरेला विळखा घालत नाही, बुबुळाला घालते. तोंड आणि शेपटी डोळ्याच्या आत मिळाली, तर माणूस मरत नाही, डोळा मरतो. तिला अडवणारी शाई पिएद्रा ग्रांदेत मिळत नाही. ती मेरिदात मिळते, पांढऱ्या बाटलीत, आणि उशीर झाला तर ती वाळून जाते.

बाउदिलियो माझं ऐकणार नाही. त्याच्याकडे माझ्याच नावाचा दाखला आहे, तोही वाईट अक्षरात नक्कल केलेला. तो तुमचं ऐकेल. उद्या सकाळी जीप सुटायच्या आत त्याला बसवा. तुम्ही पाठवलंत म्हणून तो आला, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

आपली,
ओलिंपिया


पिएद्रा ग्रांदे,
१० जून १९९३

बाई ओलिंपिया यांस,
कुस्तोदियाचा नमस्कार.

माणूस जीपमध्ये बसवला आहे. एर्सिलिया सोबत आहे. डोळ्यावर काळं फडकं बांधलं आहे, ते सोडताना ओढू नका, चिकटतं.

मी त्याला कोठीतून बाहेर बोलावलं आणि नाक बघितलं. सांगितलं, की नाकावर चढलेली नागीण मी उतरवत नाही. तिला खालच्या शाईचीच गरज असते. तो म्हणाला, की आधी तर भीती नाही म्हणाला होतात. मी म्हटलं, आधी तिचं तोंड दिसलं नव्हतं, आता दिसलं. मग निमूट टोपी घातली. जाताना रडला. दोन्ही डोळ्यांनी रडला, म्हणजे डावा अजून जिवंत आहे असं मी धरते.

डोळा गोल असतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते तुमच्या आलं. नागिणीला तोंड आणि शेपटी असते हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केलीत. पत्र मी संत बेनितोच्या तसबिरीमागे ठेवलं आहे.

देव तुम्हाला सुखी ठेवो. जरा कमी बोलत जा.

कुस्तोदिया


पिएद्रा ग्रांदे,
२२ ऑगस्ट १९९३

ति. ओलिंपियाताईस,
सा. न. वि. वि.

मेरिदाहून परतल्यावर आता सवडीने लिहिते. बाउदिलियो गेल्या सोमवारपासून पुन्हा जीप चालवतो. डॉक्टरांनी परवानगी दिली तो कागद त्याने काचेला आतून चिकटवला आहे, म्हणजे प्रवाशांना बसल्या जागी वाचता येतो. मी म्हटलं, की रस्ता दिसेल एवढी काच मोकळी ठेव. सकाळी उठल्यावर डाव्या डोळ्यापुढे थोडं धुकं असतं म्हणतो. दुपारपर्यंत निवळतं. काल त्याच वळणावर दरीपलीकडे शेळी उभी होती. शेळी आहे हे त्याने ओळखलं. कुणाची, ते सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. सगळे खिडकीबाहेर बघत राहिले.

तरी डोळा आहे, ताई. कोठीतल्या त्या अंधारानंतर मला धुकं चालतं.

आता गावची बातमी. इथे सगळ्यांना ठाऊक झालं आहे, की नागिणी दोन असतात: कमरेची कुस्तोदियाकडे, नाकाची मेरिदाला. डोळा गोल असतो हा शोध कुस्तोदियाने लावला, असं लोक सांगतात. तुझं नाव त्यात नाही. मी एकदा घ्यायला गेले, तर बायका म्हणाल्या, की ओलिंपिया तर म्हणत होती आपोआप बरी होते. पुठ्ठा आम्ही पाहिला आहे.

वरच्या वाडीतल्या पेत्रोनिलाला परवा कपाळावर फोड आले आणि एक नाकावर. कुस्तोदियाने दारातूनच पाहिलं, आत पाऊलही टाकलं नाही, जीप मागवली. बाउदिलियोने जीप भरायचीही वाट पाहिली नाही. एकट्या पेत्रोनिलाला घेऊन निघाला. वाटेत तिला सांगत होता म्हणे, की घाबरू नका, माझंही तोंड असंच विदूषकासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, की वेळेत आणलंत. औषध घेऊन ती घरी आली आहे. येत्या शनिवारी आम्ही सगळ्या जणी तिच्याकडे जाणार आहोत, फोडांना पाला बांधायला. शाळेतल्या नव्या बाईही येतात म्हणाल्या. सातवा महिना आहे, तरी हौस दांडगी.

तुझा लोभ असू दे. पुठ्ठा शेवटी मी चुलीत घातला. छान पेटला.

तुझी,
एर्सिलिया


मेरिदा,
२४ ऑगस्ट १९९३

चि. एर्सिलिया हीस,
अनेक आशीर्वाद. या खेपेला सुरुवातीलाच देते, म्हणजे पुढचं तुला सोसेल.

त्या शिक्षिकाबाईंना पेत्रोनिलाच्या दारातच अडव. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यात तोच कांजिण्यांचा विषाणू असतो. तुला किंवा मला त्याने काही होणार नाही. आपले पहारेकरी त्याला लहानपणापासून ओळखतात. पण ज्या बाईला कधीच कांजिण्या झाल्या नाहीत, तिच्या शरीराला तो चोर अनोळखी. तिला कांजिण्या होतील. गरोदरपणी त्या आईच्या छातीत उतरतात, बाळंतपणाच्या तोंडावर आल्या तर बाळालाही सोडत नाहीत. त्यांना लहानपणी झाल्या होत्या का, ते त्यांच्या आईला विचारायला सांग. नक्की कळेपर्यंत भेट नको, आणि पाला तर कुणीच बांधू नका. फोड स्वच्छ कापडाने झाकून ठेवा.

हे झालं तुझ्यासाठी. गावासाठी काय करायचं, याचा मी दोन दिवस विचार केला. जन्मभर फळ्यावर खरं तेच लिहिलं, आणि पिएद्रा ग्रांदेने माझ्याकडून एकच धडा घेतला, तोही मी खोटा सांगितलेला, तोही दुसरीच्या नावावर. राग आला आणि बराच टिकला. पण पेत्रोनिलाचा डोळा वाचला तो त्या खोट्या धड्याने. माझ्या खऱ्या वाक्याने बाउदिलियोला कोठीत बसवलं होतं. खरं सांगायचं तर पुरतं सांगावं लागतं, आणि पुरतं ऐकायला तुमच्या गावात कुणाला फुरसत नाही.

बाउदिलियोला सांग, की पेत्रोनिलाला आणल्याबद्दल मी त्याच्यावर खूश आहे. टोपीतलं टपाल यापुढे चालेल. आणि सकाळचं धुकं निवळेपर्यंत जीप सुटणार नाही, असं काचेवरच्या त्या कागदाखाली लिहून टाक. प्रवासी थांबतील.

सोबत आठ ओळी आहेत. कुस्तोदियाला दे. तिच्या आजीच्या होत्या असं ती सांगणार असेल तर माझी हरकत नाही. शाईने लिहून घ्या, आणि खाली माझं नाव घालू नका. एक पुठ्ठा पुरे झाला.

लोभ असू दे, दोघींचाही.

नागीण न मानणारी तुझी ताई,
ओलिंपिया

चढली नाकाशी,
शाई ना ती माने,
जीपच्या वाटेने
मेरिदाला.

पोटी जिच्या बाळ,
उभी राहो दारी,
नागीण ती वैरी
पाळण्याची.